बेमालूम : लाकडातील फटी व चुका झाकण्याविषयी

लाकडी वाद्यात फट पडते ती तीन कारणांनी: माप चुकते, हात चुकतो किंवा ऋतू बदलतो. पहिल्या दोहोंचे खापर तिसऱ्यावर फोडणे हा या विद्येचा पाया होय. आरे कॉलनीत हा पाया विशेष भक्कम आहे. मुंबईतले गोठे शहराबाहेर नेण्यासाठी 1949 साली वसवलेल्या या वसाहतीत झाडी दाट आणि पावसाळ्यातली ओल अशी की पत्र्याच्या शेडमध्ये टांगलेल्या गिटारच्या चामडी पट्ट्यावरही बुरशी धरते. लाकूड ही ओल पिऊन फुगते, पण आडवे. रेषांच्या लांबीत ते जवळजवळ हलत नाही. म्हणून रेषांच्या बाजूने गेलेली फट श्रावणात आपोआप मिटते आणि फेब्रुवारीत पुन्हा तोंड उघडते. काम आषाढात गिऱ्हाइकाच्या हाती द्यावे, हा पहिला नियम यातून निघतो. ‘हवामानाचा परिणाम’ हे शब्द फेब्रुवारीसाठी राखून ठेवावेत.

उलट, उन्हाळ्यात फट गच्च भरण्याची घाई करू नये. पावसात लाकूड फुगते, त्याला जायला जागा उरत नाही, तंतू चेपतात, आणि पुढच्या थंडीत भरावाच्या शेजारी नवीन फट पडते. आता एकीच्या जागी दोन झाल्या. गिऱ्हाईक मात्र तेच.

फट मोजायला फूटपट्टी घेऊ नये. आकडा समोर आला की कारागिराचा धीर सुटतो. तिच्यातून काय जाते ते पाहावे: केस, लोकलचा पास की पाच रुपयांचे नाणे. केसाच्या फटीला रंगीत मेण पुरते. पासाच्या फटीला भुसा आणि डिंक लागतो. नाणे गेलेच तर त्याच लाकडाची पाचर बसवावी आणि तिला जोड न म्हणता नक्षी म्हणावे.

भुशाचे काम सर्वाधिक पडते, तेव्हा ते जवळून पाहणे इष्ट. शिसवीच्या फिंगरबोर्डवर, बाराव्या पडद्यालगत, शिंपल्याचे पान बसवायचे आहे असे धरू. पान कापून झाले, खाच कोरून झाली, आणि पान आत ठेवताच ते थोरल्या भावाचा कोट घातलेल्या पोरासारखे हिंदकळू लागले. येथे नवशिके पान एका बाजूला सरकवून तिकडची फट तरी वाचवू पाहतात. हे चूक. एका बाजूची फट म्हणजे हलगर्जी. चारी बाजूंनी सारखी फट म्हणजे किनार. पान मधोमध ठेवावे, त्याच शिसवीचा तुकडा बारीक पॉलिश पेपरवर घासून मैद्यासारखी पूड करावी, ती दात कोरायच्या काडीने फटीत दाबावी आणि वरून पातळ फेव्हिक्विकचा एकेक थेंब सोडावा. वाळल्यावर कानस, मग पुन्हा पेपर. शिंपला घासताना नाकाला फडके हवेच, कारण त्याची पूड छातीत बसते आणि तिला झाकणारा भराव निघालेला नाही.

डिंकात भिजलेली पूड मूळ लाकडापेक्षा नेहमी गडद होते. शिसवीत किंवा आबनुसात ती विरघळून जाते. मेपलसारख्या गोऱ्या लाकडात तोच भराव विस्कटलेल्या काजळासारखा दिसतो. पुढच्या पांढऱ्या फळीवर तर पातळ डिंक रेषांतून पळतो आणि असा डाग पाडतो की घासून फळी पातळ होते, डाग हटत नाही. तेथे आधी चपड्याच्या पॉलिशचा हात मारून घ्यावा. हे ज्ञान बहुतेकांना डाग पडल्यानंतर होते.

फर्निचरवाल्या सुतारांनी या शास्त्राला दिलेली देणगी म्हणजे बीडिंग. प्लायची कड ओबडधोबड निघाली की तिच्यावर पट्टी मारायची. गिटारच्या कडेने फिरणारी पट्टीही कुळाने हीच: पुढची फळी आणि बाजू यांचा सांधा ती झाकते, कडेला मार बसण्यापासून राखते, आणि वर शोभा म्हणून मिरवते.

मिरजेचे तंतुवाद्य या बाबतीत गुरुस्थानी आहे. 2024 साली तेथील सतार आणि तंबोरा यांना भौगोलिक मानांकन मिळाले. भोपळा जिथे गळ्याला मिळतो, नेमकी तिथेच लाकडात कोरलेली पाने बसवलेली असतात. पूर्वीच्या हस्तिदंताची जागा आता प्लॅस्टिकने घेतली आहे, पण वेलबुट्टीचा तोरा तोच. मिरजेच्या कारागिराचा सांधा पानाखालीही चोख असतो. नक्कल करणाऱ्याने यातून फक्त पान उचलले. पटाशी घसरली की त्याच्या वेलीला आणखी एक पान फुटते, आणि फार घसरली तर फूल. जास्त फुलांचे वाद्य जास्त किमतीला जाते, ही गोष्ट गिऱ्हाइकाला न सांगणे बरे.

आरेला लागूनच 1977 सालची चित्रनगरी आहे. तिथल्या सेटवरचा राजवाडा कॅमेऱ्यापुरता उभा असतो. पाठीमागे बांबू, प्लाय आणि खिळे. यावरून कळते की अंतर हा सर्वांत स्वस्त भराव. मंचावरची गिटार दहा फुटांवरून पाहिली जाते, म्हणून मंचावर वाजवणारे गिऱ्हाईक शोधावे. घरी मांडीवर घेऊन वाजवणारा टाळावा. त्याला वेळ असतो आणि चष्माही.

फट दिसत नाही पण ऐकू येते, तिथे हे शास्त्र लंगडे पडते. पोटातला एखादा दांडा सुटला की तार झणझणते. तंबोऱ्यात अशी झणझण, म्हणजे जवारी, हवी म्हणून तारेखाली रेशमाचा धागा सरकवतात. गिटारच्या गिऱ्हाइकाला ‘ही जवारी आहे’ असे सांगून पाहावे, एकदाच. आरेतल्या वारली पाड्यांच्या परंपरेतला तारपा, म्हणजे फुंकून वाजवायचे वाद्य, इथे जास्त शहाणा ठरतो. दुधी भोपळा, बांबूच्या नळ्या आणि ताडाची पाने यांच्या सांध्यांना त्यात उघड उघड मेण लावलेले असते. ते शोभेला नसते, वारा कोंडायला असते; सुटले तर ऊब देऊन पुन्हा लावता येते.

गिटारच्या मानेचा सांधा उघडला असेल, तर वरचा एकही उपाय लागू नाही. सांधा सरसाचा असला तर वाफेने सुटतो, साफ होतो, नीट बसतो. पण त्यात आधीच कुणी इपॉक्सी ओतलेली असली, तर पुढच्या कारागिराला लाकूडच पटाशीने काढावे लागते. मानेच्या सांध्यात इपॉक्सी ओतू नये. हे वाक्य मात्र थट्टेने लिहिलेले नाही.