मनगटावरचे आजोबा

सोलापुरात घराची वाटणी होते तेव्हा आधी घर, मग माग, मग अक्कलकोट रोडकडचे दोन गुंठे, मग अंगावरचे दागिने आणि शेवटी पितळेची भांडी असा क्रम ठरलेला असतो. सगळं पार पडून ज्यांचं बोलणं बंद व्हायचं त्यांचं बंद झालं, की माळ्यावर एक पत्र्याची ट्रंक उरते. ती कुणालाच नको असते, म्हणून वाटणीत ज्याला सगळ्यात कमी मिळालं त्याच्या गळ्यात मारली जाते. ट्रंकेत विरलेली चादर, चादरीच्या घडीत विम्याच्या पावत्या, पावत्यांखाली सुपारीची डबी आणि डबीत बंद पडलेलं मनगटी घड्याळ निघतं. त्या क्षणापासून हा गृहस्थ एका वेगळ्या जमातीत दाखल होतो. या जमातीला आपण घड्याळ-वारस म्हणू. तो पन्नाशीच्या अलीकडे-पलीकडे असतो, वेळ मोबाइलवर बघतो आणि तरीही कुठल्याच लग्नाच्या अक्षतांना वेळेवर पोचत नाही. म्हणजे घड्याळाची त्याला गरज नाही. ते तो विकणार नाही, हेही तो न विचारता सांगतो. मग सहा-सहा महिने दुरुस्तीपायी तो चपला का झिजवतो? माझं म्हणणं असं, की त्याला दुरुस्त करायचे असतात ते आजोबा. घड्याळ नुसतं निमित्त.

पुरावा हवा असेल तर त्याची कहाणी महिन्या-महिन्याच्या अंतरानं ऐकावी. सुरुवातीला ते नुसतं ‘आजोबांचं घड्याळ’ असतं. श्रावणापर्यंत ते मिलच्या साहेबानं कामावर खूश होऊन दिलेलं असतं. दिवाळीत साहेब गोरा होतो. जीआयपी रेल्वे 1860 सालीच सोलापुरात पोचली होती असं कुठेतरी वाचनात आलं, की साहेब मिल सोडून रेल्वेत नोकरीला लागतो. आणि 12 जानेवारीला, मार्शल लॉनंतर फाशी गेलेल्या चार हुतात्म्यांच्या पुतळ्यांना हार घालून आलं, की घड्याळ थेट 1930 च्या मार्शल लॉमध्ये शिरतं : ‘गावात मार्शल लॉ पुकारला तेव्हा हेच आजोबांच्या हातात होतं बघा, अण्णा.’ आता तबकडी काय म्हणते ते पाहावं. तिच्यावर बारीक अक्षरात ‘इन्काब्लॉक’ असेल, तर धक्क्यापासून वाचवणारी ही स्विस सोय आली 1934 च्या सुमाराला. पण बहुतेक वेळा तबकडीवर सरळ एचएमटी असतं आणि खाली ‘पॅरा शॉक, 17 ज्वेल्स’. एचएमटीचा घड्याळांचा कारखाना बंगळुरात जपानच्या सिटिझन कंपनीच्या मदतीनं सुरू झाला 1961 साली. पहिली घड्याळं पंडित नेहरूंच्या हस्ते बाहेर आली. म्हणजे मार्शल लॉ आणि घड्याळ यांची गाठ घालायची, तर आजोबांना एकतीस वर्षं मनगट पुढे करून उभं राहावं लागलं असतं. हे दाखवून दिलं तरी वारस डगमगत नाही. ‘डायल नंतर बदललं असेल,’ म्हणतो. आजोबांचं साल हलत नाही. घड्याळालाच हलावं लागतं.

यावर हसून मोकळं होणं सोपं आहे, पण माणूस असं का करतो हे बघायचं तर सोलापूरकडे बघावं लागतं. 1877 साली इथे पहिली कापड गिरणी निघाली, तीच पुढे ‘जुनी मिल’ म्हणून ओळखली जाऊ लागली. मागून लक्ष्मी-विष्णू आल्या, नरसिंग गिरजी आली. अख्खं गाव भोंग्यावर उठायचं, भोंग्यावर जेवायचं आणि भोंग्यावर झोपायचं. ज्या गावाला वेळ आकाशातून ऐकू येते त्या गावात मनगटावर ती बांधायची कामगाराला काय गरज? म्हणून इथे मनगटी घड्याळ हे वेळेचं साधन फारसं नव्हतंच. ते लग्नात सासऱ्याकडून मिळायचं, नाहीतर निवृत्तीच्या समारंभात हार-नारळासोबत हातात पडायचं. यापुढे वेळेवर येण्याची गरज नाही असं सांगताना माणसाला घड्याळ द्यायचं, हा विनोद तेव्हा कुणाच्या लक्षात आला नसावा. अशा गावात हजारो आजोबा एकाच दारातून आत गेले आणि एकाच दारातून बाहेर आले. त्यांचा फोटो म्हणाल तर कुणाच्या तरी लग्नातला, मागच्या रांगेत, शेजारच्या फेट्याआड अर्धा झाकलेला. गिरण्या बंद पडल्या, भोंगे थांबले, चिमण्या उतरल्या. एवढ्या गर्दीतून हा एक माणूस आपला, असं म्हणायला नातवाकडे एकच वस्तू उरते. तिच्यावर तो सगळं ओझं टाकतो, आणि गिरणीतल्या साध्या जॉबरचा, म्हणजे मुकादमाचा, बघता बघता साहेबाचा उजवा हात होतो.

इथे कुणी म्हणेल, की घड्याळ खरोखरच मौल्यवान असू शकतं आणि वारस वेडा नसून हिशेबी असेल. हा आक्षेप तपासायला हवा, कारण वारस स्वतः तो सर्वांत आधी मांडतो. त्याचं पहिलं प्रमाण म्हणजे ‘17 ज्वेल’. आत सतरा माणकं आहेत, असं तो आवाज खाली आणून सांगतो आणि त्या दिवसापासून घड्याळ कपाटाच्या लॉकरमध्ये जातं. माणकं असतात हे खरं. चाकांच्या दांड्या ज्या भोकांत फिरतात ती झिजू नयेत म्हणून बसवलेली ती कृत्रिम माणकं. विसाव्या शतकाच्या आरंभी फ्रान्समध्ये व्हर्नुईलनं भट्टीत माणिक बनवायची रीत काढल्यापासून ती ढिगानं तयार होतात, आणि सतरांत मिळून एका नथीचंही काम भागणार नाही. वेस्ट एंड, फेवर ल्युबा ही स्विस नावं मुंबईच्या बाजारात एकोणिसाव्या शतकापासून होती. त्यातलं एखादं चांगल्या अवस्थेत निघालं तर हौशी माणूस बरे पैसे मोजतो. एचएमटीच्या घड्याळ कंपनीला 2016 साली सरकारनं कुलूप लावायचं ठरवल्यापासून ‘जनता’ आणि ‘पायलट’ यांनाही भाव आला आहे. पण ही घड्याळं कोट्यवधींनी निघाली होती आणि सोलापुरातल्या निम्म्या ट्रंकांत आहेत. दुर्मीळ म्हणायचं तर शेजाऱ्यानं ट्रंक उघडेपर्यंतच.

मग वारस हुकमाचं पान टाकतो : पॉल न्यूमनचं घड्याळ. या अमेरिकी नटाचं रोलेक्स डेटोना 2017 साली न्यूयॉर्कच्या लिलावात सुमारे 1 कोटी 77 लाख डॉलरला गेलं, हे अगदी खरं आहे. पण ते का गेलं? ते बाजारात नवं होतं तेव्हा त्याला फारसं कुणी विचारतही नव्हतं. ते न्यूमननं वर्षानुवर्षं हातात घातलं, त्याच्या बायकोनं मागच्या झाकणावर गाडी सांभाळून चालवायची ताकीद कोरून घेतली, आणि त्यानं ते मुलीच्या मित्राला देऊन टाकलं. म्हणजे किंमत पोलादाला आली नाही, मनगटाला आली. वारस म्हणतो, माझंही तेच म्हणणं आहे. बरोबर. फरक इतकाच, की न्यूमनच्या मनगटाचा पुरावा घड्याळावरच होता आणि कुणी तो घासून काढला नव्हता. आमचा वारस नेमका हाच पुरावा पुसायला नवी पेठेच्या वाटेला लागतो.

तिथे, किंवा दुसऱ्या कुठल्याही गल्लीत, दोन दुकानांच्या मधल्या फटीत काचेची पेटी मांडून बसलेला घड्याळजी असतो. घड्याळ हातात आलं की तो आधी मालकाकडे बघतच नाही. डोळ्याला भिंग लावतो, सुरीच्या टोकानं मागचं झाकण उचलतो आणि झाकणाची आतली बाजू उजेडाकडे धरतो. तिथे सुईच्या टोकानं खरवडलेल्या खुणा असतात : एखादं आद्याक्षर, एखादा आकडा, कधी तारीख. घड्याळ उघडून साफ केलं की आत बारीक खूण करून ठेवायची, ही जगभरच्या घड्याळज्यांची जुनी सवय. पुढच्या वेळी गिऱ्हाईक ‘कालच केलंय’ म्हणालं तर कामाला येते. अशा पाच-सात खुणा असतील तर हा माणूस पाच-सातदा पदरचे पैसे मोजून घड्याळ तेलपाण्याला घेऊन आला होता, हे कोर्टातही टिकेल. चावीच्या कडा गुळगुळीत झाल्या असतील तर ती रोज दिली जात होती. ही आजोबांची खरी हकिगत : गोरा साहेब नाही, मार्शल लॉ नाही, पण एक नेमस्त, घेतलेली वस्तू सांभाळणारा गृहस्थ. पिवळी पडलेली तबकडी आणि काट्यांच्या कडेचा काळपट रंग त्याच हकिगतीचा भाग. वारसाला यातलं काही दिसत नाही. तो म्हणतो, ‘चाचा, डायल नवीन टाका. केसला पॉलिश मारा. एकदम शोरूम पीस पायजे.’ घड्याळजी एकदा भिंगातून, एकदा भिंगाशिवाय त्याच्याकडे बघतो. त्याला धंदा करायचा असतो, म्हणून तो फक्त ‘करू की’ म्हणतो.

वारसाचा यावरचा युक्तिवाद मला अगदीच पोकळ वाटत नाही. वस्तू वापरायची असेल तर ती नीट दिसली पाहिजे, आणि आजोबांनी ती वापरण्यासाठीच घेतली होती, डबीत ठेवण्यासाठी नाही. मान्य. पण चालण्याशी संबंध यंत्राचा, दिसण्याशी तबकडीचा, आणि या दोन दुरुस्त्या वेगळ्या आहेत. वर्षानुवर्षं पडून राहिलेल्या घड्याळात वाळून चिकट झालेलं तेल असतं. यंत्र सुटं करून धुवावं, नवं तेल द्यावं, स्प्रिंग मेली असेल तर बदलावी, चरे पडलेली प्लॅस्टिकची काच घासावी किंवा नवी घालावी. एवढ्यावर बहुतेक घड्याळं पुन्हा सेकंदाला पाच ठोके द्यायला लागतात. ती दिवसाला एखादं मिनिट मागे पडतील. म्हणजे 86,400 सेकंदांत साठ. 99.93 टक्के वक्तशीरपणा भरतो, आणि वारसाच्या कचेरीत तो अजून कुणी गाठलेला नाही. तबकडीचं मात्र उलटं आहे. ती नव्यानं रंगवली की संग्राहकाच्या लेखी घड्याळाची किंमत उतरते. जुन्या यंत्रावर भडक नवी तबकडी चढवलेल्या घड्याळांना परदेशातले शौकीन ‘मुंबई स्पेशल’ म्हणतात, आणि ते कौतुकानं म्हणत नाहीत. शिवाय जुन्या स्विस घड्याळांच्या चमकणाऱ्या आकड्यांत खरं रेडियम असू शकतं. चमक विझलेली असते, कारण चमकणारा लेप थकतो. रेडियमला मात्र अर्धं व्हायलाच सुमारे 1600 वर्षं लागतात. ते खरवडून त्याची धूळ श्वासात घेण्याइतके आपले आजोबा महत्त्वाचे नाहीत, हे वारसाला कुणीतरी सांगायला हवं.

शेवटचा आक्षेप सगळ्यात माणुसकीचा आहे. बिचाऱ्याला वाटणीत काही मिळालं नाही. आजोबांना चार पायऱ्या वर चढवून त्याला बरं वाटत असेल तर कुणाचं काय बिघडतं? खरंच फारसं बिघडत नाही. संक्रांतीला सिद्धेश्वराच्या यात्रेत, म्हणजे गड्ड्यात, तो पांढरी बाराबंदी घालून निघतो, डाव्या हाताची बाही तेवढी दोन घड्या वर दुमडतो, आणि गर्दीत नंदीध्वजाच्या काठ्यांना नमस्कार करताना डावा हात उजव्यापेक्षा थोडा पुढे ठेवतो. ‘चालालंय की’ असं कुणी म्हणालं की त्याच्या चेहऱ्यावर जे समाधान येतं, ते घर मिळालेल्या भावाच्या चेहऱ्यावर कधी दिसत नाही. त्यातून आणखी एक गोष्ट मान्य करायला हवी. अख्ख्या खानदानात आजोबांविषयी बोलणारा हा एकटाच. बाकीच्यांना त्यांची आठवण सातबाऱ्याच्या उताऱ्यापुरती. सेलवर चालणाऱ्या घड्याळांच्या जमान्यात घड्याळज्याच्या हातात चिमटा राहिला आहे तोही याच्यासारख्यांच्या जिवावर. आणि कहाणी खोटी असली तरी ती दुरुस्त होऊ शकते. उद्या त्याची नात झाकण उघडून खुणा बघेल, तबकडीवरचं नाव वाचेल, 1961 आणि 1930 यांची वजाबाकी करेल, आणि तिला खरे आजोबा सापडतील. फक्त त्यासाठी झाकण आणि तबकडी जागेवर असायला हवी. कहाणीतली थाप एका पिढीत उतरते. पॉलिशच्या चाकाखाली गेलेली खूण मात्र कुठल्याच पिढीत परत येत नाही.

तेव्हा या जमातीशी वागायचा नियम सोपा आहे. साहेब गोरा होता की काळा, रेल्वेचा की मिलचा, यावर वाद घालू नये. मान डोलवावी, जमल्यास ‘काय सांगता’ म्हणावं. घरात एखादी आत्या अजून हयात असेल तर घड्याळ कुणी, कधी आणि कशातून पैसे काढून घेतलं ते तिला विचारायला त्याला पाठवावं. ती जे सांगेल ते साहेबाच्या गोष्टीइतकं झगझगीत नसेल, पण ऐकताना तो निदान तासभर गप्प बसेल. आजोबांच्या हुद्द्याबद्दल त्याला हवं ते बोलू द्यावं. तबकडीला हात लावायला निघाला, तर मात्र त्याचा हात धरावा.