बहिणाबाईंच्या घरी

जुन्या जळगावातला चौधरी वाडा हे कवयित्री बहिणाबाई चौधरी यांचं सासर. असोद्याच्या महाजनांच्या घरात १८८० साली जन्मलेल्या बहिणाबाई लग्न होऊन या घरात आल्या. भवरलाल अँड कांताबाई जैन मल्टिपर्पज फाउंडेशनने या घराचं संग्रहालय केलं आहे. बहिणाबाईंच्या संसारातली भांडीकुंडी, शेतीची अवजारं आणि पूजेचं साहित्य इथे जपून ठेवलेलं आहे.

घर सापडणं हा प्रवासाचा पहिला टप्पा असून तो वाटतो तितका सोपा नाही. धुळ्याहून येणारी एसटी पारोळा, एरंडोल करत जळगावच्या दिशेने येते. कंडक्टरला नुसतं ‘बहिणाबाई’ असं सांगणारा प्रवासी गिरणेच्या पुलाअलीकडेच पिशवीसकट विद्यापीठाच्या फाटकासमोर उतरवला जातो. उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाला २०१८ साली बहिणाबाईंचं नाव दिलं गेलं, त्याचा हा दूरगामी परिणाम. शहरात पोहोचल्यावर रिक्षावाल्याला तेच सांगितलं, तर तो बहिणाबाई उद्यानात नेऊन सोडतो. तिथे भेळ मिळते, संग्रहालय मिळत नाही. ‘जुनं जळगाव, चौधरी वाडा’ असा पूर्ण पत्ता सांगणाऱ्यालाच वाडा दिसतो. तोही गल्लीत दोनदा विचारल्यावर, कारण पहिल्यांदा विचारल्यावर ‘कोणाकडे आले, भाऊ?’ असा उलट प्रश्न येतो.

संग्रहालयात येणाऱ्यांचे ढोबळमानाने दोन वर्ग पडतात. पहिल्या वर्गाला पाट्या वाचता येतात, पण वस्तू ओळखता येत नाहीत. दुसऱ्याला वस्तू पाठ असतात, त्यामुळे तो पाट्यांकडे बघतही नाही. पहिला वर्ग वखराला नांगर म्हणतो आणि फोटो काढतो. दुसरा त्याला तिथल्या तिथे दुरुस्त करतो, आणि मग वखर कसा धरायचा याचं प्रात्यक्षिक हातवाऱ्यांनी सुरू होतं.

घरोटापाशी, म्हणजे जात्यापाशी, गर्दी हमखास तुंबते. खालची तळी, वरची पाळी, मधला खिळा आणि हातात धरायचा खुंटा एवढंच हे यंत्र. ते न फिरवताही घरात भांडण लावू शकतं.

‘असाच घरोट आपल्या घरी व्हता,’ आजी म्हणते.

‘मग गेला कुठे?’ नातू विचारतो.

‘तुझ्या बापाले विचार. मोरीपुढे पायरीले लावला त्यानं.’

बाप यावेळी दुसऱ्या खोलीतली पाटी फार लक्षपूर्वक वाचत असतो.

या घराची खरी मालमत्ता मात्र भांड्यांत मावत नाही. बहिणाबाईंना लिहिता-वाचता येत नव्हतं. शेतात आणि घरात काम करता करता त्यांनी लेवा गणबोलीत गाणी रचली. मुलगा कवी सोपानदेव आणि घरातल्या माणसांनी त्यांतली काही टिपून ठेवली, बाकीची हवेतच राहिली. ३ डिसेंबर १९५१ रोजी त्या गेल्या. त्यानंतर आचार्य अत्रे यांच्या पुढाकाराने १९५२ साली ‘बहिणाबाईंची गाणी’ हे पुस्तक निघालं. १९६१च्या ‘मानिनी’ चित्रपटाने त्यांची रचना महाराष्ट्रभर नेली. त्यामुळे संग्रहालयात कविता आठवू लागली की ती चालीसकटच आठवते, आणि आठवणाऱ्याला दुसरं कडवं येत नसलं तरी तो गुणगुणायचं थांबत नाही.

भेटीसाठी हिवाळा उत्तम. जळगावच्या मे महिन्यात दुपारी वाडा शोधत गल्लीबोळ हिंडणाऱ्याची साहित्यनिष्ठा वादातीत असली, तरी प्रकृतीची खात्री देता येत नाही. हिवाळ्यात भरताची वांगी असतात, कळण्याची भाकरी असते आणि असोद्यालाही जाऊन येता येतं. तिथे कुणाला रस्ता विचारला, तर माहेरची मंडळी सासर आधी पाहून आल्याबद्दल दोन शब्द ऐकवण्याचीही शक्यता धरून चालावी.