उणे दोनचा जमाखर्च

उणे चिन्हाचं आणि माझं कधी जमलं नाही. शाळेत कंस सोडवताना ते हटकून कुठेतरी गळायचं. पुढे पासबुकातून मात्र एकदाही गळलं नाही. त्यामुळे उणे चिन्हाशिवाय सगळ्या पूर्णांक संख्या लिहिता येतात, अगदी कर्जसुद्धा, असं वाचनात आल्यावर घरचा जमाखर्च मी ताबडतोब त्या पद्धतीत नेला.

पद्धत विट्टोरियो ग्रुनवाल्ड यांची, १८८५ सालची. पाया दहा नाही, दोनही नाही, उणे दोन. उजवीकडून स्थानांच्या किमती १, −२, ४, −८, १६ अशा, आणि अंक फक्त ० नि १. दोन लिहायचे तर ११०, म्हणजे चारातून दोन गेले. उणे एक म्हणजे ११. १९५०च्या दशकात पोलंडमध्ये या पायावर चालणारे संगणक बांधले होते. मला तर नुसती इस्त्रीची वही चालवायची होती.

मी भुललो ते एका गुणाला. संख्येतले अंक मोजायचे : विषम असले तर ती धन, सम असले तर ऋण. सगळ्यात डावीकडचा एक इतका दांडगा असतो, की उजवीकडचे सगळे एकवटले तरी त्याचं चिन्ह फिरवू शकत नाहीत. असे गृहस्थ प्रत्येक सोसायटीच्या कमिटीत असतात.

बेरजेनं मात्र घाम काढला. एक अधिक एक ११०. म्हणजे मांडायचं शून्य आणि हातचे दोन, एक शेजारच्या घरात, एक त्याच्या पलीकडच्या. एक रुपया जमा आणि एक रुपया देणं, म्हणून मी १ नि ११ची बेरीज मांडली. उत्तर शून्य, हे शेंबडं पोरही सांगेल. पण प्रत्येक घरात शून्य मांडलं की नवे हातचे डावीकडे सरकत. पान संपलं, मी कागद जोडला, तोही संपला. “अहो, एका रुपयाचा हिशेब अजून चाललाय?” आतून आवाज आला. एका घरात दोन आणि त्याच्या डाव्या घरात एक जमले की ते एकमेकांना खातात, तिघांनाही खोडायचं, हे फार उशिरा उमगलं.

तेवढ्यावर थांबायला हवं होतं. पण इस्त्रीवाल्याचे चार रुपये राहिले होते. फ्रिजवर चिठ्ठी लावली : ‘इस्त्री ११००’. उणे आठ अधिक चार. अंक चार, सम, म्हणजे देणं. निर्दोष! मी बाजारात असताना तो आला आणि बायकोनं अकराशे रुपये मोजून दिले. “ताई, जास्त होतात,” तो बिचारा म्हणाला. “ह्यांनी लिहिलंय, बरोबरच असेल,” ती म्हणाली. संसारात माझ्या आकडेमोडीवर तिनं विश्वास ठेवला तो नेमका त्या दिवशी.

त्याच्याकडे आता माझे १०९६ जमा. वहीत मांडले : १०००१०११०००. अंक अकरा, विषम, म्हणजे येणं. बायकोनं ते दहा अब्ज दहा लाख अकरा हजार असं वाचलं आणि विचारलं, “मग आपण भाड्याच्या घरात का राहतो?”

इस्त्रीवाल्यानं पैसे खर्चून टाकलेत. म्हणतो, कपड्यांतून फेडतो. सध्या आमच्याकडे पायपुसणीसुद्धा कडक इस्त्रीची आहेत.