साहेब, आज किती?

सहा महिने घर चालेल एवढी रक्कम बाजूला असावी, असं अर्थतज्ज्ञ सांगतात. आमच्याकडे पंचवीस तारखेनंतर घर चालत नाही, रांगतं. तरीही माझ्यापाशी आज थोडीफार गंगाजळी आहे आणि तिचं सगळं श्रेय माझ्या फुशारकीला आहे. काटकसर, दूरदृष्टी वगैरे गुण आमच्या घराण्यात सुनांबरोबर येतात.

पतसंस्थेचा पिग्मी एजंट संध्याकाळी आमच्या दाराशी थांबून खणखणीत आवाजात विचारतो, "साहेब, आज किती?" दुसऱ्याच्या दुकानात हिशेब लिहिणाऱ्या मला साहेब म्हणणारा हा जगात एकटाच. गल्ली कान टवकारते. 'आज राहू दे' ओठांवर येतं आणि खिशातून वीसची नोट बाहेर येते. मशीनमधून निघालेली पावती मी चारचौघांना दिसेल अशा बेताने सावकाश घडी घालतो.

पिग्मीचा इतिहास मला तोंडपाठ आहे आणि ऐकणारा सापडला की मी त्याला सोडत नाही. पुढे सिंडिकेट बँक म्हणून नावारूपाला आलेल्या उडुपीच्या बँकेने १९२८ साली ही योजना काढली. दारोदार माणूस पाठवायचा आणि दोन आणे तर दोन आणे, रोज गोळा करायचे. बँकेच्या संस्थापकांतले टी. एम. ए. पै पेशाने डॉक्टर. गरिबाचा पैसा रोज येतो आणि रोज जातो, तेव्हा तो वाटेतच गाठला पाहिजे, हे निदान डॉक्टरी खरंच. ती बँक २०२० साली कॅनरा बँकेत विलीन झाली, पिग्मी मात्र गल्लोगल्ली उरली. हे सगळं मी इस्त्रीवाल्याला रंगवून सांगितलं. तो म्हणाला, "खरंय. पँटला क्रीज पाडू?"

चीड येते ती 'अचानक उद्भवणारा खर्च' या शब्दांची. जूनमध्ये वह्या-पुस्तकं आणि पत्र्यावरची ताडपत्री, श्रावणात पोरांचे ताप, दिवाळीला गावचं गाडीभाडं. आमची संकटं पंचांग बघून येतात. साठवलेलं जातं ते तिथेच. शिवाय बँकेतल्या ठेवीला पाच लाखांपर्यंत विमा, पतसंस्थेतल्या ठेवीला तोही नाही. वीस-वीस रुपये टाकणाऱ्यांनीच देव पाण्यात घालून बसायचं.

मध्यंतरी एजंट दिसेना. टायफॉइड झाला होता. काम कमिशनवर, फिरला तर पैसे, झोपला तर नाही. गल्लीची बचत गोळा करणाऱ्याची स्वतःची पिग्मी नव्हती. परत आला तेव्हा शर्ट अंगावर लोंबत होता. त्या दिवशी 'आज किती' विचारलंच नाही. अगदी हळू म्हणाला, "हजारभर होतील का? दिवाळीपर्यंत देतो."

माझ्याकडे कोणी उसने मागावेत! छाती फुगवून मी आत गेलो. मुदतीआधी पिग्मी मोडली तर व्याज बुडतं, म्हणून पैसे अर्थातच बायकोच्या डब्यातून निघाले. तिने ते न मोजता त्याच्या हातात ठेवले आणि माझ्याकडे बघून म्हणाली, "आता हे इस्त्रीवाल्याला सांगायचं नाही."

नाही सांगितलं. एवढी जिवावरची बचत मी आजवर केली नव्हती.