कार्ड विचाराधीन आहे

पणजीतल्या कुठल्याही सरकारी कार्यालयात जेवणाच्या सुट्टीनंतर चक्कर मारा. एखाद्या टेबलावर एक गृहस्थ एक्सेलची शीट उघडून गंभीर चेहऱ्याने बसलेले दिसतील. वय चाळिशीच्या आगेमागे, मूळ गाव पेडणे नाहीतर डिचोली तालुक्यातले, सकाळच्या कदंब बसने आलेले. शीटमध्ये रकाने आहेत: मॉडेल, मेमरी, वॅट, भाव, शेरा. पाहणाऱ्याला वाटते, खात्याच्या खरेदीची कोटेशने चालली असावीत. प्रत्यक्षात घरच्या गेमिंग कॉम्प्युटरचे ग्राफिक्स कार्ड बदलावे की नाही, हा प्रश्न त्या शीटमध्ये दोन-तीन वर्षे मुक्कामाला आहे आणि शेऱ्याच्या रकान्यात बहुतेक ओळींपुढे 'विचाराधीन' एवढेच लिहिले आहे. याला आपण कार्डचिंतक म्हणू. लोक त्याला दोन नावे ठेवतात. घरचे म्हणतात उधळ्या, मित्र म्हणतात धरसोड्या. दोन्ही एकाच वेळी खरी असणे कठीण आहे, कारण धरसोड्याच्या हातून उधळपट्टी होत नाही. तो काउंटरपर्यंत पोचतच नाही. माझे म्हणणे असे, की खिशातले तीस हजार काढण्याआधी इतकी छाननी करणारा माणूस राजधानीत दुसरा नाही, आणि ती छाननी बहुतेक वेळा बरोबर निघते.

आधी त्याच्याकडे आज काय आहे ते पाहू. बहुधा एनव्हिडियाचे जीटीएक्स 1060, सहा जीबी मेमरीचे. हे कार्ड जुलै 2016 मध्ये बाजारात आले. पेडणे तालुक्यातल्या मोपाच्या विमानतळाची कोनशिला त्याच वर्षी 13 नोव्हेंबरला बसली, म्हणजे कार्ड विमानतळाहून वयाने थोरले. पेडण्याचा कार्डचिंतक हा हिशोब अभिमानाने सांगतो: कोनशिला बसली, पर्यावरण परवान्याचे प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत जाऊन आले, डिसेंबर 2022 मध्ये उद्घाटन झाले, 5 जानेवारी 2023 पासून विमाने सुरू झाली, आणि या सगळ्या काळात आपल्या कार्डाचा पंखा एकदाही बदलावा लागला नाही. हा म्हाताऱ्या वस्तूला चिकटून राहण्याचा हट्ट वाटेल, पण पुरावा त्याच्या बाजूचा आहे. स्टीम हे गेमचे ऑनलाइन दुकान दर महिन्याला आपल्या गिऱ्हाइकांच्या यंत्रांची पाहणी करते. त्या यादीत 1060 वर्षानुवर्षे पहिल्या नंबरावर होते. 2022 च्या अखेरीस ते खाली आले, आणि त्याची जागा घेणारे कार्ड कोणते? जीटीएक्स 1650, जे वेगात 1060 च्याही मागे आहे. जाहिरातींत ज्या कार्डांचे ढोल वाजतात ती घेणारे जगात थोडे. बाकीची जनता पेडण्याच्या गृहस्थासारखीच आहे त्यावर भागवते. पुढे एनव्हिडियाने या पिढीच्या कार्डांसाठी नव्या गेमचे ड्रायव्हर ऑक्टोबर 2025 ला थांबवले आणि सुरक्षेचे अपडेट तेवढे ऑक्टोबर 2028 पर्यंत देण्याचे कबूल केले. कार्डचिंतकाने शेऱ्याच्या रकान्यात नोंद केली: 'सेवानिवृत्त. पेन्शन 2028 पर्यंत.' आणि शीट मिटली.

त्याची छाननी खरी कळते ती कॅबिनेट उघडल्यावर. पावसाळ्यात दर पंधरा-वीस दिवसांनी तो यंत्राची डावी पाटी काढतो. समुद्राकडचा, मांद्रे-मोरजीच्या बाजूचा असेल तर आधी स्क्रू बघतो, कारण खारी हवा त्यांना गंज चढवते. डिचोलीचा असेल तर पंख्याच्या पात्यांवर तांबडी धूळ बसलेली असते. ती खाणींवरून येते, हे त्या तालुक्यात कोणाला सांगावे लागत नाही. मग रंगकामाचा जुना मऊ ब्रश निघतो, बुटांच्या खोक्यांतून जमवलेल्या सिलिका जेलच्या पुड्या बदलल्या जातात, आणि एसएमपीएसच्या, म्हणजे वीजपुरवठ्याच्या डब्याच्या, जाळीमागे पालीने अंडी घातली नाहीत ना, याची टॉर्च लावून खात्री केली जाते. एवढे होईपर्यंत त्याची आई दारात येऊन म्हणते, "चलता मरे, कित्याक बदलता?" तो बदलत नसतो, पुसत असतो, पण या घरात पाटी उघडली की खर्च निघतो असा समज आहे, आणि तो निराधार नाही. कारण कार्ड कधी एकटे येत नाही. समजा आरटीएक्स 4060 आणले. ते 115 वॅट खाते, जुने 120 खात होते; म्हणजे एसएमपीएस वाचला. पण नवे कार्ड मदरबोर्डाशी आठच पीसीआय लेनने बोलते, जुन्याला सोळा होत्या. बोर्ड 2016 च्या काळातला असला की कार्डाची मेमरी भरून वाहू लागल्यावर हे आखडते पाऊल जाणवते. बोर्ड बदलायचा तर चार कोअरचा जुना आय-फाइव्ह त्यावर बसत नाही. प्रोसेसर बदलला की रॅम बदला. आणि तो जुना प्रोसेसर विंडोज 11 च्या यादीत नाही, विंडोज 10 चा पाठिंबा 14 ऑक्टोबर 2025 ला संपला. तीस हजारांचा विषय अशा रीतीने सत्तर-ऐंशी हजारांच्या वेशीवर जाऊन उभा राहतो. आणि एवढे करून समोर मॉनिटर कोणता? साठ हर्ट्झचा. कार्डाने सेकंदाला एकशे चाळीस चित्रे काढली तरी पडदा साठच दाखवणार. हे ज्याने स्वतःच्या शीटमध्ये स्वतःच्या हाताने लिहून ठेवले आहे त्याला धरसोड्या म्हणणे अन्याय आहे.

भावाच्या बाबतीतही तो भोळा नाही. या दर्जाच्या कार्डाची अमेरिकेतली किंमत पिढ्यान्‌पिढ्या तीनशे डॉलरच्या आसपास घुटमळते: 2016 चे 1060 दोनशे एकोणपन्नासपासून, 2021 चे 3060 तीनशे एकोणतीसला, 2023 चे 4060 आणि 2025 चे 5060 दोन्ही दोनशे नव्याण्णवला. तिथे फरक किरकोळ. पण 2016 च्या जुलैत डॉलर सदुसष्ट रुपयांच्या जवळपास होता आणि 2023 च्या जूनमध्ये ब्याऐंशीच्या. वर अठरा टक्के जीएसटी. कंपनीने भाव न वाढवताही आपला भाव कसा वाढतो, हे त्याने कोणत्याही अर्थशास्त्राच्या प्राध्यापकाआधी ओळखले. त्याहून त्याला झोंबते ती मेमरी. 3060 ला बारा जीबी होती, 4060 ला आठ दिली, आणि 5060 ला पुन्हा आठच. आठ जीबीचे कार्ड, जीटीएक्स 1070, तर 2016 सालीच निघाले होते. नव्या माणसाला जुन्यापेक्षा लहान टेबल देणारे कार्यालय त्याच्या पाहण्यात नाही. इथे तो शेऱ्यात एरवी न वापरलेला शब्द लिहितो: 'नामंजूर.'

मग सेकंडहँड का घेत नाही, असे विचारणारे असतात. 2021 साली क्रिप्टोच्या नादापायी कार्डे दुकानांतून नाहीशी झाली होती. 15 सप्टेंबर 2022 ला इथेरियम या क्रिप्टो चलनाने आपली पद्धत बदलली, ग्राफिक्स कार्डांवर त्याची नाणी काढण्याचा धंदा एका दिवसात संपला, आणि रात्रंदिवस राबलेली कार्डे स्वस्तात बाजारात आली. पुण्या-मुंबईच्या पोरांनी ती घेतलीही. डिचोलीचा कार्डचिंतक मात्र हलला नाही. 2012 च्या सप्टेंबरात खाणी थांबल्या तेव्हा दारोदार उभे राहिलेले टिप्पर त्याने पाहिले आहेत. 2018 च्या मार्चमध्ये ते पुन्हा उभे राहिलेलेही पाहिले. त्या टिप्परला नवा रंग मारला, टायर चकचकीत केले, तरी इंजिनाने किती फेऱ्या मारल्या हे विकणारा सांगत नाही आणि घेणाऱ्याला ऐकून समजत नाही. खाणीवर राबलेले यंत्र 'फक्त घरी वापरलेले' म्हणून विकले जाते तेव्हा कोणता प्रश्न विचारायचा, हे त्याला गावाने शिकवले आहे. प्रश्न विचारला की समोरचा फोन ठेवतो. आणखी तीस हजार वाचले.

आता त्याच्या विरुद्ध बाजूलाही वजन आहे, आणि ते लपवण्यात अर्थ नाही. थांबणे फुकट नसते. 2020 च्या डिसेंबरात जो 'भाव उतरू दे' म्हणून थांबला, त्याला पुढचे दीड वर्ष भाव दुप्पट झालेले बघावे लागले. 2025 च्या शेवटी एआयच्या डेटा सेंटरांनी मेमरीचे उत्पादन ओढून घेतले आणि रॅमचे भाव असे चढले, की 'रॅम नंतर बघू' म्हणणाऱ्यांना आपला शेरा खोडावा लागला. हा आक्षेप मला मान्य आहे. पण दोन्ही वेळी हे होणार, असे आधी कोण सांगत होते? जे आज छातीठोकपणे 'तेव्हाच घ्यायला हवे होते' म्हणतात, त्यांनी तेव्हा घेतले नव्हते. घेतले असते तर ते आता गप्प बसून खेळत असते. शिवाय घाईत घेणाऱ्यांची कारणे पाहावीत. डिसेंबर 2023 मध्ये जीटीए 6 चा पहिला ट्रेलर आला आणि गावोगावची मुले त्या गेमसाठी कार्ड घ्यायला धावली. त्या घोषणेत यंत्रे दोनच होती, प्लेस्टेशन 5 आणि एक्सबॉक्स. कॉम्प्युटरचे नावही नव्हते. पुढे 2025 ची तारीख मे 2026 वर गेली, मग नोव्हेंबर 2026 वर. पणजीत स्मार्ट सिटीचे खोदकाम पाहिलेल्या माणसाला तारखा कशा चालतात हे माहीत असते. त्याने ट्रेलर तीनदा पाहिला, शीट उघडली नाही.

राहिला तो शेवटचा आरोप: प्रौढ माणसाने गेम खेळावेत कशाला? हा आरोप करणारे काका रविवारी मासळी बाजारात इसवणाच्या एका तुकड्याला जो भाव मोजतात, तो मोजताना त्यांनी कधी शीट केलेली ऐकिवात नाही. मोटार घेताना तर रंगावरून निर्णय होतो. मांडवीतल्या कॅसिनोंमध्ये गोवेकराला 2020 च्या फेब्रुवारीपासून मज्जाव आहे. तेव्हा डाव खेळायची हौस त्याने घरच्या टेबलावर भागवली तर सरकारी धोरणाचे पालनच होते. आणि तो खेळतो तरी काय? रात्री साडेदहाला पोरांची शाळेची प्रोजेक्टे आणि बायकोचे ऑनलाइन बिल संपल्यावर यंत्र त्याच्या वाट्याला येते. मग अर्धा तास काउंटर-स्ट्राइक, नाहीतर 2015 साली कॉम्प्युटरवर आलेला जीटीए 5. दोन्ही 1060 वर चालतात. महागडी कार्डे ज्यांच्यासाठी लागतात ते गेम त्याच्या यादीत आहेत, पण यादीतच. खरा खर्च वेळेचा आहे म्हणाल, तर तो वेळ एरवी व्हॉट्सॲपवर गेला असता, आणि तिथून कोणी पीसीआय लेन शिकून परत आल्याचे दिसत नाही.

एक दोष मात्र त्याच्या पदरात घालायलाच हवा. इतकी छाननी करून तो कधी घ्यायचे याची कसोटी लिहून ठेवत नाही, त्यामुळे शेवटी घेतो तो भलत्याच दिवशी. महागाई भत्त्याची थकबाकी जमा होते, चवथीच्या आधी सेलची जाहिरात येते, आणि दोन वर्षांची फाइल दोन मिनिटांत निकालात निघते. पार्सलचा पत्ता कार्यालयाचा, पिनकोड 403001, म्हणजे घरी खोके एकदम दिसायला नको. दसऱ्याच्या आदल्या दिवशी खंडेनवमीच्या पूजेत कॅबिनेटला हळद-कुंकू लागते तेव्हा आईला आत काहीतरी नवे उजळते आहे हे कळतेच. खरे तर कसोटी सोपी होती. 2024 च्या डिसेंबरात आलेला इंडियाना जोन्सचा गेम आणि 2025 च्या मे महिन्यातला नवा डूम, या दोघांना रे ट्रेसिंगची सोय असलेले कार्डच लागते. 1060 वर चालण्यासाठी ते बनवलेलेच नाहीत. असा एखादा गेम तुम्हाला खरोखर खेळायचा असेल, नुसता यादीत ठेवायचा नसेल, तर जुने कार्ड संपले. नसेल तर आधी मॉनिटर बदला. डोळ्यांना फरक तिथे जास्त दिसतो.

घरात असा माणूस असलेल्या बायकांना, आयांना आणि वडिलांना एक विनंती. त्याने पुढच्या वेळी विषय काढला की हो म्हणून टाका, त्यावर पैसे किती हे विचारू नका. परवानगी मिळाल्यावर तो शीट उघडेल, एक नवा रकाना घालेल आणि पुढच्या चवथीपर्यंत तुम्हाला काही विचारणार नाही.