दहा दिवसांचे लेखकराव

लेखक व्हायला पूर्वी गरिबी लागायची. आता ती अभ्यासक्रम पूर्ण केल्यावर मिळते. अभ्यासक्रमाचं नाव सर्जनशील लेखनाचा एमएफए, आणि नोकरदार माणसाला जमावा म्हणून काढलेला त्याचा प्रकार म्हणजे ‘लो-रेसिडेन्सी’. जमावा म्हणजे वेळेनं. पैशानं जमण्याची हमी कोणी दिलेली नाही. उन्हाळ्यात दहा दिवस आणि बहुधा हिवाळ्यात दहा दिवस विद्यापीठानं सांगितलेल्या जागी राहायचं, एकमेकांच्या कथा वाचायच्या, संध्याकाळी वाइनचा पेला हातात धरून ‘तुमचा आवाज फार वेगळा आहे’ असं म्हणायचं. उरलेलं वर्ष घरी बसून महिन्याला वीस-पंचवीस पानं गुरूला पाठवायची. गुरू वाचून लांबलचक पत्र लिहितो, शिष्य पुन्हा लिहितो, विद्यापीठ बिल लिहितं. या तिघांत लेखनाची शिस्त फक्त विद्यापीठाला आहे.

हा प्रकार सुरू झाला 1976 साली, अमेरिकेतल्या व्हरमाँट राज्यातल्या गॉडर्ड कॉलेजात. कवयित्री एलन ब्रायंट व्हॉइट यांची ही कल्पना. घरदार, नोकरी, मुलंबाळं सोडून दोन वर्षं वसतिगृहात जाऊन राहणं ज्यांना शक्य नाही, त्यांनाही लिहायला शिकता यावं, हा हेतू. हेतू उत्तम होता, यात आम्हाला थट्टेला जागा सापडली नाही. 1981 मध्ये हा अभ्यासक्रम नॉर्थ कॅरोलिनातल्या वॉरन विल्सन कॉलेजात हलला, मग त्याच्या नकला निघाल्या आणि नकलांच्या नकला निघाल्या. मूळचं गॉडर्ड कॉलेज मात्र 2024 मध्ये विद्यार्थी रोडावल्यामुळे बंद पडलं. पोरांना घरी बसून शिकायची सवय लावली की आवार ओस पडणारच.

नकला करणाऱ्यांनी एक गोष्ट ओळखली. लेखकाला लेखनापेक्षा लेखनाची जागा जास्त आवडते. मग न्यूयॉर्क विद्यापीठानं आपला लो-रेसिडेन्सी वर्ग पॅरिसमध्ये भरवला. विद्यापीठ अमेरिकेचं, भाषा इंग्रजी, खिडकीबाहेर फ्रेंच. हेमिंग्वे पॅरिसला गेला होता ना! गेला होता, 1921 च्या अखेरीस. पण तेव्हा डॉलरला फ्रँक भरपूर मिळत आणि पॅरिसमध्ये स्वस्तात राहता येई. हे कारण जाहिरातीत नसतं. हेमिंग्वेच्या पावलावर पाऊल टाकायचं तर आपल्या माणसानं आपला रुपया जिथे वजनदार आहे तिथे जायला हवं. भारतीय रुपयाला 1.60 नेपाळी रुपये मिळतात, तेव्हा हिशेबानं पाहता मराठी कादंबरीकाराचं पॅरिस काठमांडू आहे.

न्यू ऑर्लीन्स विद्यापीठानं तर उन्हाळी लेखनवर्ग इटलीच्या उत्तरेला, आल्प्सच्या कुशीतल्या ब्रुनेनबर्ग नावाच्या किल्ल्यात भरवले. हा किल्ला कवी एझ्रा पाउंडच्या लेकीचा. युद्धकाळात मुसोलिनीच्या बाजूनं रेडिओवर भाषणं केल्याबद्दल पाउंडवर देशद्रोहाचा आरोप होता. खटल्याऐवजी तो मनोरुग्णालयात गेला आणि 1958 मध्ये सुटल्यावर या किल्ल्यात येऊन राहिला. याच पाउंडनं 1922 मध्ये एलियटच्या ‘द वेस्ट लँड’वर पेन्सिल चालवून जवळपास अर्धी कविता उडवली होती. विसाव्या शतकातलं सगळ्यात गाजलेलं हे संपादन त्यानं मैत्रीखातर केलं, एक पैही न घेता. त्याच्या लेकीच्या किल्ल्यात बसायला पुढे फी लागू झाली.

आता फीबद्दल. दोन वर्षांची फी चाळीस हजार डॉलरच्या घरात सहज जाते. विमान, राहणं, खाणं वेगळं. म्हणजे नुसत्या शिकवणीचे तीस लाख रुपयांहून जास्त. आपल्याकडे साडेसात लाखांच्या वर शैक्षणिक कर्ज हवं असेल तर बँक सहसा तारण मागते. कादंबरीचं हस्तलिखित ती तारण धरत नाही, डोंबिवलीतला फ्लॅट धरते. आणि फ्लॅट वडिलांच्या नावावर असतो. त्यामुळे जगातल्या सगळ्यात निर्दय साहित्यसमीक्षेला इथेच सुरुवात होते.

‘‘बाबा, मी कथा लिहायला शिकायला जातोय.’’

‘‘किती दिवस?’’

‘‘दहा. म्हणजे दोन वर्षांत पाच वेळा, दहा-दहा दिवस.’’

‘‘आणि पैसे?’’

‘‘साधारण तीस लाख.’’

बाबा बँकेतून निवृत्त झालेले. भागाकार तोंडी. ‘‘पन्नास दिवसांचे तीस लाख, म्हणजे दिवसाला साठ हजार. अरे, साठ हजारांत तुझी गोष्ट ऐकायला मी रोज अख्खी सोसायटी गच्चीवर बसवतो. वर बटाटेवडा देतो.’’

परतफेडीचं गणितही बाबाच मांडतात. मराठी कथासंग्रहाची आवृत्ती पाचशे प्रतींची धरू, किंमत तीनशे रुपये, मानधन दहा टक्के. सगळ्या प्रती खपल्या आणि प्रकाशकानं हिशेब दिला (या दोन्ही गोष्टी कल्पित वाङ्मयात मोडतात) तर लेखकाच्या हाती 15,000 रुपये. तीस लाख फिटायला अशी दोनशे पुस्तकं लागतील. वर्षाला एक लिहिलं तरी दोनशे वर्षं. भाषेला अभिजात दर्जा 2024 मध्ये मिळाला. कर्ज फिटेपर्यंत लेखकही अभिजात होईल.

कर्ज मिळालं तरी व्हिसा आहे. अमेरिकेत विद्यार्थी म्हणून जायचं तर पूर्णवेळ, वर्गात बसून शिकावं लागतं. एका सत्रात जेमतेम एखादा ऑनलाइन विषय त्यात मोजला जातो. इथे तर वर्षातले अकरा महिने घरून. त्यामुळे असे अनेक अभ्यासक्रम परदेशी मुलांना विद्यार्थी व्हिसाची कागदपत्रंच देऊ शकत नाहीत. थोडक्यात, फी भरताना तुम्ही विद्यार्थी आहात, वांद्रे-कुर्ला संकुलातल्या वकिलातीच्या खिडकीशी नाही. खरं तर आमच्या लेखकाइतका निर्धोक अर्जदार त्या खिडकीला मिळायचा नाही. हा परत येणार याचा पुरावा काय, हाच तिथला मुख्य प्रश्न. ‘मी मराठीत लिहितो’ याहून भक्कम पुरावा कोणता? तिकडे थांबून तो खाणार काय?

समजा, तरीही पोचला. तिथे गोल करून बारा जण बसतात. ज्याची कथा चर्चेला आहे त्यानं तोंड मिटून बसायचं, बाकीच्यांनी बोलायचं, ही तिथली जुनी रीत. आमच्या गड्यानं जिल्हा बँकेच्या वसुली अधिकाऱ्यावर कथा लिहिलेली असते. ओहायोच्या ताई म्हणतात, ‘मला यात आजी दिसली नाही.’ ओरेगॉनचे दादा म्हणतात, ‘पहिल्या पावसाचा वास कमी पडतोय.’ तिसरा म्हणतो, ‘ट्रॅक्टर जप्त होतो तिथे आंब्याचं झाड असतं तर?’ मग गुरुजी हळुवारपणे तिथला मूलमंत्र सांगतात: दाखवा, सांगू नका. आता ज्या मुलखात कीर्तनकारानं रात्र-रात्र सांगितलं, शंकर पाटील, मिरासदार आणि व्यंकटेश माडगूळकरांनी गावोगाव फिरून कथा सांगितल्या आणि लोकांनी मैदानं भरून त्या ऐकल्या, तिथला माणूस हे ऐकून घेतो. बोलायची मुभा नसतेच.

ही तक्रार आमची एकट्याची नाही. कॉर्नेल विद्यापीठात एमएफए केलेल्या जुनो दियाझ यांनी अशा वर्गांच्या गोरेपणावर 2014 मध्ये सडकून लिहिलं. मॅथ्यू सॅलेसिस यांनी 2021 मध्ये ‘क्राफ्ट इन द रिअल वर्ल्ड’ या पुस्तकात लेखकाला गप्प बसवण्याच्या रीतीलाच हात घातला. विद्यापीठांनी ही टीका मनावर घेतली आणि वाचनाच्या यादीत लावली.

परंपरा सांगायचीच तर आमची जास्त कडक आहे. तुकोबांच्या वह्यांवर रामेश्वरभट्टांचा अभिप्राय काय होता? इंद्रायणीत बुडवा. त्यानंतर नदीकाठी अन्नपाण्याविना तेरा दिवसांची रेसिडेन्सी झाली, असं परंपरा सांगते. अमेरिकेपेक्षा तीन दिवस जास्त, आणि भोजनशुल्क शून्य.

अलीकडचं बघायचं तर गिरगावात, खटाववाडीत ‘सत्यकथा’ मासिकाचं कार्यालय होतं. कोकणातला शाळामास्तर किंवा विदर्भातला कारकून कथा टपालानं पाठवी. श्री. पु. भागवत आणि राम पटवर्धन ती वाचत, पत्र लिहीत, शेवट पुन्हा लिहायला लावत, परत वाचत. घरी राहून लेखन, टपालानं गुरू, अधूनमधून मुंबईची खेप. व्हरमाँटला जे 1976 मध्ये सुचलं ते इथे त्याच्या कितीतरी आधीपासून पोस्टाच्या तिकिटात चालू होतं. त्या दरबारात सगळ्यांना प्रवेश होता असं नव्हे. असंतुष्ट विद्यार्थी अमेरिकेत अभिप्रायाचा फॉर्म भरतात; इथे राजा ढाले आणि मंडळींनी 1969 मध्ये ‘सत्यकथे’चा अंक जाळला. पण जाळावा असा अंक होता, हेही मोठंच. 1982 मध्ये मासिकच बंद झालं. तेव्हापासून मराठी लेखक कथा पाठवतो आणि तीन महिन्यांनी फोन करून विचारतो, ‘मिळाली का?’

परदेशी जाऊच नये, असं आमचं म्हणणं नाही. दिलीप चित्रे 1975 मध्ये आयोवाच्या आंतरराष्ट्रीय लेखन कार्यक्रमाला गेले. तो कार्यक्रम लेखकांना पाहुणे म्हणून बोलावतो. पदवी देत नाही आणि फीही घेत नाही. आयोवाची जुनी लेखनशाळा किंवा टेक्सासमधलं मिचनर सेंटर इथल्या पूर्णवेळ अभ्यासक्रमांत निवड झाली, तर फीची सवलत आणि वर खर्चाला पैसे मिळतात. निवड अवघड असते, कारण पैसे त्यांचे असतात. लो-रेसिडेन्सीत मात्र बहुतेक वेळा पैसे तुमचे असतात, आणि स्वतःच्या पैशानं लेखक होण्याची सोय मराठीत प्रकाशकांनी केव्हाच करून ठेवली आहे. तीही पुष्कळ स्वस्तात.

तेव्हा इच्छुकांना एवढंच सांगणं: कोणी खर्च उचलून बोलावत असेल तर आजच बॅग भरा, फ्लॅट गहाण पडणार असेल तर जाऊ नका. त्या तीस लाखांत खरोखर मिळतात दोनच गोष्टी, लेखन संपवायची तारीख आणि ते वाचायला बांधलेला एक माणूस. आणि साहित्यसंस्थांना विनंती: पुढच्या संमेलनात मांडवाची एक कमान कमी उभारा आणि त्या पैशात आलेलं प्रत्येक हस्तलिखित वाचून लेखकाला उत्तर लिहिणारा एक संपादक नेमा. मराठीत लेखनवर्ग पुरेसे झाले, वाचून पत्र लिहिणारे उरले नाहीत.