घरातली कीड : ओळख आणि इन्कार

घराला कीड लागली की आधी तिचा पसारा दिसतो: भुसा, लेंड्या, कात, गळालेले पंख, एखादं भोक, एखादा वास. कीड स्वतः फार उशिरा समोर येते, आणि येते ती बहुधा पाहुण्यांच्या देखत. कीटकशास्त्र किडींची वर्गवारी पाय, पंख आणि मिशा पाहून करतं. घरातली वर्गवारी मात्र दोष कुणाच्या माथी मारता येईल यावर ठरते, आणि खुणा ओळखताना होणाऱ्या बहुतेक चुकांचं मूळ तिथेच असतं. म्हणून इथे किडी त्याच क्रमाने घेतल्या आहेत. चारचौघांत सहज कबूल होणाऱ्या आधी, जीव गेला तरी कबूल न होणाऱ्या शेवटी.

पहिला मान कसरीचा. कसर लागली हे सांगताना मराठी घराला लाज वाटत नाही, उलट थोडा अभिमानच वाटतो, कारण घरात पुस्तकं आहेत हे त्यातून परस्पर सिद्ध होतं. चंदेरी अंगाचा, बिनपंखी, शेपटीकडे तीन लांब केस असलेला हा किडा खळ, डिंक आणि कागदावरची कांजी खातो. तो पान वरवर खरवडतो, त्यामुळे पानावर झिजलेल्या वेड्यावाकड्या खिडक्या आणि पिवळट डाग दिसतात. एका पुठ्ठ्यापासून दुसऱ्या पुठ्ठ्यापर्यंत सरळ आरपार बोगदा गेला असेल, तर तो उद्योग भुंगेऱ्याच्या अळीचा असतो. पुस्तक इतकं सलग संपवण्याची चिकाटी कसरीत नसते. शिवाय तिची आवडनिवड बांधणीच्या खळीवर ठरते. लेखक कोण, याची चौकशी ती करत नाही.

मुंग्यांबद्दलही कुणी फारसं मनाला लावून घेत नाही. काळ्या मुंग्या तर अनेक घरांत शुभ मानतात, आणि त्यांच्या रांगेला साखरेची चिमूट मिळते. फरशीच्या सांध्यातून वर आलेली बारीक मातीची ढिगुळी ही वारूळ खालीच असल्याची खूण. रांग पुसून टाकली तरी वासाची वाट उरते आणि थोड्या वेळात तीच रांग त्याच वळणाने पुन्हा लागते. रांगेचं दुसरं टोक साखरेच्या डब्याशी न सापडता कपाटामागे गेलं, तर तिथे मेलेलं झुरळ असण्याचा संभव मोठा, आणि मग प्रकरण झुरळांच्या वर्गात जातं.

धान्यातल्या किड्यांचा दोष किराणा दुकानदाराचा असतो. इथे घराची बाजू खरी असू शकते. तांदळातला आणि गव्हातला सोंड्या, ज्याला कुठे टोका तर कुठे पोरकिडा म्हणतात, आपलं अंडं दाण्याला भोक पाडून आत घालतो आणि भोक चिकट स्रावाने बुजवून टाकतो. अळी दाण्यातच वाढते. त्यामुळे निवडून, पाखडून, शहानिशा करून आणलेलं धान्य पिंपात बसल्या बसल्या महिन्याभरात सजीव होतं. तळाशी साचलेलं पीठ, पोकळ दाणे आणि धुताना पाण्यावर तरंगणारे तांदूळ या त्याच्या खुणा. मूग-चवळीवर पांढरे ठिपके दिसले तर ती कडधान्याच्या भुंग्याची अंडी. ठिपक्यांच्या जागी वाटोळी खिडकी दिसू लागली की भुंगा बाहेर पडून चुकला. पीठ चाळताना चाळणीला जाळी लोंबली तर पतंगाची अळी, पिठाला गुलाबट झाक आणि कुबट वास आला तर तांबडा भुंगेरा. हळदीच्या आणि तिखटाच्या पुडीला टाचणीने पाडावीत तशी भोकं पडतात, ती तंबाखू खाणाऱ्या भुंगेऱ्याची. तिखट त्याला बाधत नाही. कडुलिंबाचा पाला, डाळींना एरंडेल आणि गच्चीवरचं ऊन हे उपाय सर्वांना पाठ असतात. ते कीड लागण्याआधी करायचे असतात, एवढंच लक्षात राहत नाही.

झुरळ आलं की सगळ्यांची बोटं वरच्या मजल्याकडे जातात. ‘त्यांनी पेस्ट कंट्रोल केलं, म्हणून सगळी आपल्याकडे आली’ हे वाक्य इमारतीच्या प्रत्येक मजल्यावर ऐकू येतं, सर्वांत वरच्या मजल्यावरही. शास्त्र या बाबतीत घराची अर्धीच बाजू घेतं. न्हाणीघरात रात्री एकटंच फिरणारं, चार सेंटिमीटरचं, तांबूस तपकिरी झुरळ गटारातून आलेलं असू शकतं. त्याला अमेरिकन म्हणतात आणि ते मूळचं आफ्रिकेचं आहे. दीड सेंटिमीटरचं, डोक्यामागे दोन काळे पट्टे असलेलं झुरळ मात्र त्याच स्वयंपाकघरात जन्मलेलं, वाढलेलं आणि मोठ्या कुटुंबाचं असतं. त्याला जर्मन म्हणतात. हे नाव लिनिअसने १७६७ साली दिलं. २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जनुकीय अभ्यासाने त्याचं मूळ सुमारे २,१०० वर्षांपूर्वीच्या भारत-म्यानमारच्या परिसरात नेऊन ठेवलं, त्यामुळे बाहेरून आलं ही तक्रार आता जर्मनांनी करायची आहे.

झुरळांची पहिली खूण मिक्सरच्या बुडाशी, फ्रिजच्या मोटरपाशी आणि कपाटाच्या बिजागऱ्यांत मिळते: मिरपूड सांडल्यासारखे काळे ठिपके. घरातल्या किडींच्या बहुतेक खुणा स्वयंपाकघराच्याच मापात मोजल्या जातात, ही या विषयातली एक गैरसोय आहे, कारण मिरपूड खरोखरच सांडलेली असू शकते. ओल्या फडक्याने पुसून दोन दिवसांनी पाहावं. मिरपूड परत येत नाही. त्यानंतर अंड्यांच्या डब्या शोधाव्यात. त्या तपकिरी आणि छोट्या पाकिटासारख्या असतात. जर्मन मादीच्या डबीत ३० ते ४० अंडी असतात, आणि पिल्लं बाहेर पडेपर्यंत ती डबी पोटाशी घेऊन हिंडते. भर दिवसा ओट्यावर झुरळ दिसणं ही सर्वांत वाईट खूण. झुरळाला उजेड नकोसा असतो. ते दिवसा बाहेर पडलं याचा अर्थ आत जागा उरलेली नाही.

उंदीर हा सोसायटीचा प्रश्न असतो. प्रत्येक सदनिकेच्या मते तो कचऱ्याच्या खोलीत राहतो आणि तिच्या दारावरून फक्त ये-जा करतो. खूण म्हणजे लेंड्या. घरातल्या लहान उंदराच्या लेंड्या तांदळाएवढ्या आणि दोन्ही टोकांना निमुळत्या असतात, आणि तो त्या दिवसाला ५० ते ७५ टाकतो. मोठ्या झुरळाच्या विष्ठेची टोकं बोथट असतात. पालीच्या विष्ठेला एका टोकाला पांढरी टिकली असते. ही टिकली न पाहिल्यामुळे पालीच्या अपराधाबद्दल पिंजऱ्यात भजी लावली गेल्याची उदाहरणं पुष्कळ. लेंडी काळी, ओलसर, चकचकीत असेल तर उंदीर हजर आहे, करडी आणि कोरडी असेल तर येऊन गेला आहे. शंका असेल तर भिंतीकडेला रात्री रांगोळी भुरभुरावी. पुढच्या पायाची चार बोटं आणि मागच्या पायाची पाच बोटं सकाळी उमटलेली दिसतात. गौरीच्या दिवसांत हा प्रयोग करू नये, घोटाळा होतो. भिंतीकडेला नेहमीच्या वाटेवर अंगाच्या तेलाचा काळपट पट्टा पडतो, आणि साबणाच्या वडीवर दातांच्या जोडीने ओढलेल्या रेघा. उंदराचे पुढचे दात जन्मभर वाढतात, त्यामुळे भूक नसली तरी त्याला कुरतडावं लागतंच. सहा मिलिमीटरचं भोक लहान उंदराला पुरतं. नाकाला उग्र कस्तुरीसारखा वास आला आणि भिंतीकडेने चूंचूं करत काही गेलं, तर ती चिचुंद्री. ती उंदरांच्या कुळातली नाही आणि झुरळं खाते, पण या दोन्ही गोष्टी तिच्या बाजूने कुणी मांडत नाही.

उंदराची खूण इन्कार न करता वाचली जाण्याचाही एक काळ होता. १८९६ मध्ये मुंबईत आणि पुढच्या वर्षी पुण्यात प्लेग पसरला, तेव्हा घरात उंदीर मरून पडला की माणसं घराला कुलूप लावून माळावरच्या झोपड्यांत राहायला जात. पुढे उंदीर मोजण्याची जबाबदारी सरकारी झाली आणि मोजणी अवघड होत गेली. मार्च २०१८ मध्ये आमदार एकनाथ खडसे यांनी विधानसभेत मंत्रालयातले ३,१९,४०० उंदीर सात दिवसांत मारले गेल्याचा हिशेब मांडला. म्हणजे मिनिटाला ३१ हून अधिक. आकडा गोळ्यांचा आहे, उंदरांचा नाही, असा खुलासा नंतर झाला. लेंड्या मोजणं अधिक भरवशाचं, ते याच कारणाने.

वाळवी लागली तर दोष बिल्डरचा किंवा सुताराचा. पहिल्या पावसानंतरच्या संध्याकाळी दिव्याभोवती पाखरं जमतात, मुलं आनंदतात, पाली त्याहून आनंदतात. सकाळी खिडकीशी पंखांचा ढीग झाडून काढला की घर ती गोष्ट विसरतं. विसरण्याआधी दोन गोष्टी पाहाव्यात. चारही पंख सारख्या लांबीचे असतील तर वाळवी, पुढची जोडी मोठी असेल तर पंखवाल्या मुंग्या. आणि ढीग रात्रभर बंद असलेल्या खिडकीच्या आतल्या बाजूला असेल तर पाखरं बाहेरून आलेली नाहीत. भिंतीवरून वर चढणारी पेन्सिलीएवढी मातीची नळी ही दुसरी खूण. तिला घरात ‘गिलावा नीट झाला नाही’ असं म्हणतात. नळी मध्येच मोडून ठेवावी. चार दिवसांत ती पुन्हा बांधलेली दिसली तर आत कामकरी आहेत, आणि ते बिल्डरच्या माणसांपेक्षा वेळेत दुरुस्ती करतात. दाराची चौकट चमच्याने ठोकून पाहावी. वाळवी आतून खात येते आणि रंगाचा पापुद्रा तेवढा शाबूत ठेवते, त्यामुळे आवाज पोकळ येतो आणि कधी कधी चमचा पलीकडे जातो. फर्निचरखाली खसखशीसारखे कण पडले तर ती कोरड्या लाकडातली वाळवी, मैद्यासारखी भुकटी पडली तर भुंगेरा. बाई झाडायला येण्याआधी पाहिलेलं बरं.

ढेकणाचं नाव घरात घेतलं जात नाही. त्याचा दोष माथी मारायला कुणी सापडत नाही, पाहुण्यांवर संशय घ्यावा तर ते आपलेच असतात, आणि वसतिगृहातून सुट्टीला आलेल्या मुलाची बॅग उघडायला आई धजत नाही. म्हणून ‘डास फार झालेत’ असं म्हणण्याची पद्धत आहे. डास गुणगुणतो, ढेकूण गुणगुणत नाही. डासाचा चावा कुठेही असतो, ढेकणाचे बहुधा ओळीने असतात. चादरीवर रक्ताचे बारीक थेंब आणि गादीच्या शिवणीत शाईच्या ठिपक्यांसारखे काळे डाग दिसतात. डाग ओल्या कापसाने पुसला तर तांबूस पसरतो. तिथेच पिवळट, पोकळ कात मिळते, कारण पिल्लू मोठं होईपर्यंत पाचदा कात टाकतं. वस्ती वाढली की खोलीला गोडसर कुबट वास येतो. कोथिंबिरीच्या वासातली काही द्रव्यं त्याच जातीची असतात. हा तपशील जेवणाआधी सांगू नये.

निदान लांबण्याचं मोठं कारण शारीरिक आहे. एकाच पलंगावर झोपणाऱ्या दोघांपैकी एकाच्या अंगावर गांधी उठतात आणि दुसऱ्याच्या अंगावर चावूनही काहीच उठत नाही. पहिला रात्रभर खाजवतो, दुसरा सकाळी म्हणतो की हा मनाचा खेळ आहे, तेल लावून अंघोळ कर. वाद मिटवण्यासाठी पहाटे तीनच्या सुमारास टॉर्च घेऊन अचानक चादर उचलावी आणि पलंगाच्या डोक्याकडची फळी, तिचे सांधे, स्क्रूची भोकं पाहावीत. पोट भरायला ढेकणाला पाच-दहा मिनिटं लागतात आणि लगेच तो जवळची खाच गाठतो, म्हणून घाई करावी लागते. तो सापडतो तेव्हा पुष्कळदा ‘मला तर काहीच चावत नाही’ म्हणणाऱ्याच्या उशीमागे सापडतो, आणि पोट भरलेला असतो.